वरच्या खोलीतली दुपार

"काका, खिडकीत कूलर लावला तर चालेल का?"

अलमास जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. सरकारी दवाखान्यातली रात्रपाळी करून नुकतीच आली होती; खांद्याला पिशवी, हातावर पांढऱ्या कोटाची घडी, डोळे अर्धे मिटलेले. तिचे घरमालक अजिनाथराव सानप पाण्याच्या मोटारीच्या बटणाच्या पेटीला कुलूप घालत होते. बीडच्या बार्शी नाक्याकडच्या त्या कॉलनीत बटणाला कुलूप घालणारे ते एकटेच नव्हते, पण त्याची किल्ली करगोट्याला बांधणारे मात्र एकटेच होते.

"कूलर म्हंजी?" त्यांनी विचारलं.

कूलर म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. पण प्रश्नाला प्रश्नाने उत्तर दिलं की विचारणाऱ्याचं निम्मं बळ तिथेच संपतं, हे ते सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर सगळी नोकरी काढून शिकले होते.

"कूलर म्हणजे कूलर, काका. पाण्याचा."

"कावून? पंखा हाय की."

"पंखा आहे. पण तो गरम हवाच फिरवतो. मला सध्या नाईट आहे. दुपारी झोपायचं म्हटलं तर स्लॅब असा तापतो, की चादर ओली करून पांघरावी लागते. कूलर आम्हीच आणू. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बघू," अजिनाथराव म्हणाले.

हा 'बघू' त्यांच्या नोकरीतली खरी कमाई होती. आयुष्यात त्यांनी एकही अर्ज नाकारला नव्हता. ते तो ठेवून घ्यायचे. ठेवलेला अर्ज आपोआप पिकतो, असं त्यांचं मत होतं. एका माणसाने विहिरीपर्यंत जायला रस्ता मागितला होता; कागद पुढे सरकेपर्यंत विहीर आटली आणि रस्त्याची गरज उरली नाही. अशा किती प्रश्नांची सोडवणूक आपण नुसतं बसून केली, याचं त्यांना मनातून समाधान होतं. उन्हाळ्याचंही तसंच. नीट ठेवून घेतला तर जूनमध्ये तो स्वतःहून निकाली निघतो.

आत तुळजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हे बोलणं ऐकलं असेल किंवा नसेल. आपल्या बायकोला काय ऐकू जातं आणि काय नाही, हे अजिनाथरावांना एवढ्या संसारात कधी कळलं नव्हतं. त्यांनी ते विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी ते सल्ल्यासाठी शेजारच्या विजयसिंहांच्या ओट्यावर गेले. विजयसिंहांची गावाकडे जमीन होती, थोडं राजकारण होतं, आणि बीडमध्ये क्लासच्या पोरांना कॉटच्या हिशेबाने भाड्याने द्यायच्या खोल्यांची इमारत होती. घरमालकीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांच्याकडे मोबाईल चार्ज करायला परवानगी होती. इस्त्री दिसली तर जप्त होत असे.

"हो म्हणायचं न्हाई आन् न्हाई बी म्हणायचं न्हाई," विजयसिंह म्हणाले. "हो म्हणलं की ते हक्क समजतेत. न्हाई म्हणलं की खोली सोडतेत."

"मग काय म्हणू?"

"वायरिंग म्हणायचं. वायरिंग झेपत न्हाई. वायरिंग भिंतीत आसती, कुणाच्या बाला दिसती?"

"आन् पाणी?"

"पाणी मागून काढायचं. आदी वायरिंग, मग भिंतीला वल येती म्हणायचं, तरीबी ऐकंना गेले तर बोअरचं पाणी. सगळं एकदम सांगून टाकलं तर आपल्याजवळ काय राहतंय?" विजयसिंहांनी मांडी बदलली. "आवो, आज कूलर दिला की उद्या कपड्याची मशीन. मग गीझर. एकानं तर मोठा फ्रीज आनला, दारातून जाईना, तर मला म्हणतो, दादा, दार मोठं करा. दुसऱ्यानं विचारलं, गच्चीवर सोलर लावू का. म्हणलं लाव की बाबा, मी येतो तुझ्याकडं भाड्यानं."

अजिनाथराव हसले. हसताना त्यांना बरं वाटलं. उठता उठता विजयसिंह सहज म्हणाले, "नर्सबाई हायत नव्हं तुमच्याकडं? आमच्या खालच्या खोलीला कूलर बसवल्यालाच हाय. आसंच म्हणलं आपलं."

अजिनाथरावांची झोप या वाक्याने गेली.

नर्स भाडेकरू साधी गोष्ट नव्हे. अलमास राहायला आल्यापासून गल्लीतल्या निम्म्या लोकांचं ब्लडप्रेशर अजिनाथरावांच्या पडवीत मोजलं जात होतं. आपल्या पडवीत लोक दंड पुढे करून बसतात, याची त्यांना सवय झाली होती. सेवानिवृत्तीनंतर माणसाच्या दारात कुणी बसणं ही गोष्ट बोलायला लहान असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर गेले. दार अलमासच्या आईने, अजमतबीने उघडलं. अजमतबी गेवराईची, नवरा होता तोवर टरबुजाच्या गाड्यावर त्याच्या बरोबरीने उभी राहिलेली बाई. तिच्याशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं.

"वायरिंग बघायला आलतो," अजिनाथराव हळू आवाजात म्हणाले.

"वायरिंग भिंतीत हाय, भाऊ. दिसंल का?"

अजिनाथरावांनी तरीही भिंतीकडे पाहिलं. खिडकीला ओलं पोतं लावलं होतं, ते वाळून कडक झालं होतं. फरशीवर अलमास ओली चादर घेऊन झोपली होती. म्हणजे पडली होती. ती या कुशीवरून त्या कुशीवर वळत होती आणि डोळे न उघडता हाताने मान पुसत होती. अजिनाथरावांनी ही खोली बांधल्यापासून दुपारी तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पाहता पाहता त्यांचा सदरा पाठीला चिकटला.

"परवा सलाईन लावता लावता डुलकी आली म्हणती," अजमतबी कुजबुजली. "सुई आसती हातात तिच्या, भाऊ. ती दुसऱ्याच्या नसंत जाती. उद्या काय झालं तर कूलर न्हवता म्हणून सांगता येतंय का सायबाला?"

अजिनाथरावांच्या मनात 'बघू' तयार होता. पण त्यांना विजयसिंहांची खालची खोली दिसली, तिथला बसवलेला कूलर दिसला, आणि त्यांच्या ओट्यावर बसून दंड पुढे करणारी माणसं दिसली.

"लावा," ते म्हणाले. "पन भिंतीला भोक पाडायचं न्हाई. पाणी आपापल्या बादलीनं भरायचं. जाताना कूलर, स्टँड, समदं घेऊन जायचं. मागं काही ठिवायचं न्हाई. आन् वल आली तर भिंत तुमची."

"आमची का? मग जाताना भिंत बी नेतो, भाऊ."

बशीरगंजात पत्र्याचे कूलर बनवणारा मैनुद्दीन दोन दिवसांनी टेम्पोतून कूलर घेऊन आला. कूलर एवढा मोठा होता, की जिन्याच्या वळणावर तो, मैनुद्दीन आणि अजिनाथरावांच्या सूचना यांपैकी दोघांनाच जागा होती. अखेर सूचना खाली राहिल्या. कूलर खिडकीत बसला, पाणी भरलं गेलं, बटण दाबलं, आणि अख्खं घर एसटीच्या जुन्या गाडीसारखं घरघरलं.

तुळजाबाई ओले हात पदराला पुसत अंगणात आल्या होत्या. मैनुद्दीन पाने-पकडी आवरून खाली आला, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "हवा कुठवर जाती हो ह्याची?"

अजिनाथरावांनी वळून पाहिलं. बायकोने परक्या माणसाला आपण होऊन प्रश्न विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"सामनेच्या भिंतीपर्यंत जाती, चाची. तिथून वापस येती."

"आन् आवाज हो?"

"आवाज हाय. पर एकदा नींद लागली की आवाज कुठं जातो, पताच लागत न्हाई."

"हं," तुळजाबाई म्हणाल्या.

मैनुद्दीनचा धंदा त्याच्या डोळ्यांतच होता. "खाली बी बसवून टाकू का, अप्पा? दोन झाले तर भावाचं बोलू आपन."

"आमाला काय करायचाय? आमी जुनी मान्सं."

या 'आमी'मध्ये तुळजाबाईही होत्या. त्या परत आत गेल्या.

अजिनाथरावांची दुपार ठरलेली होती. जेवण झालं की ते पंख्याखाली बाजेवर पडत. तुळजाबाई शेजारी भिंतीला टेकून ज्वारी निवडत किंवा जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत. मधून अजिनाथराव डोळे न उघडता म्हणत, "पाणी." पाणी येई. पुन्हा म्हणत, "कितीक वाजले?" वेळ येई. लाईट गेली तर पुठ्ठ्याचा वारा येई. या गोष्टी कोण आणतं, याचा विचार करायचं कधी कारण पडलं नव्हतं.

कूलर आल्यावर एका दुपारी ते म्हणाले, "पाणी."

पाणी आलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. गोधडी भिंतीशी होती, सुई तिच्यात खोचलेली होती. त्यांनी स्वयंपाकघरात पाहिलं, मोरीत पाहिलं, अंगणात पाहिलं. मग स्वतः पाणी घ्यायला गेले, तर प्यायचा माठ कोणता आणि वापरायच्या पाण्याचा कोणता, हे कळेना. एकातलं पाणी प्यायले. ते दुसऱ्यातलं असावं, असं पिताना वाटलं.

पाच वाजता तुळजाबाई जिन्यावरून खाली आल्या. मान कोरडी होती. चेहरा धुतल्यासारखा होता.

"कुठं गेलता?"

"वर."

"वर काय काम होतं?"

"काम न्हवतं. बसलते."

"बसायला खाली जागा न्हाई का?"

"हाय की," तुळजाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्याही. जेवणाची भांडी घासून पालथी घातली की जिन्यात पायांचा आवाज यायचा, वरचं दार उघडायचं, मिटायचं, आणि मग पाचपर्यंत फक्त ती घरघर. अजिनाथराव बाजेवर पडत आणि उठत. मोटारीच्या पेटीचं कुलूप ओढून पाहत. फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर कुणी आहे का बघत. एवढ्या उन्हात कुत्रंही नसे. परत येऊन बाजेवर पडत. माणसाला घरातल्या घरात काहीतरी हरवल्यासारखं वाटावं आणि हरवलेल्या वस्तूचा पत्ता मात्र पक्का माहीत असावा, ही अवस्था वाईट. शोधायची सोय राहत नाही.

"वैनी दिसत न्हाईत दुपारच्या," विजयसिंह ओट्यावरून म्हणाले.

"हायत घरातच."

"तसं न्हवं. आवाज येत न्हाई तुमचा. आदी आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं, पाणी, पाणी. म्हणलं बोअर आटला का काय."

अजिनाथरावांनी यावर वायरिंगचा विषय काढला.

भाडेकरूच्या खोलीत घरमालकाने उगाच जाऊन बसायचं नसतं, एवढा शिष्टाचार त्यांच्याकडे होता. पण कूलर गळतोय का, हे बघण्याचा हक्क होता. चांगला विचार करून त्यांनी तो बजावायचं ठरवलं. भर दुपारी वर जाऊन त्यांनी दार लोटलं.

खोलीत अंधार आणि गारवा होता. वाळ्याचा वास होता. अलमास कूलरसमोर हातपाय पसरून मेल्यासारखी झोपली होती. तिच्या पलीकडे, दंडाची उशी करून, तोंड किंचित उघडं टाकून तुळजाबाई झोपल्या होत्या. पदर डोक्यावरून सरकला होता. पांढऱ्या केसांच्या बटा हवेने हलत होत्या. त्या घोरत होत्या.

अजिनाथराव दारातच थांबले. बायको घोरते, ही माहिती त्यांना नवीन होती. रोज त्यांना जाग येई तेव्हा ती उठलेली असे आणि ते झोपत तेव्हा ती जागी असे. तिला झोपलेलं आपण कधी पाहिलं, हे ते आठवू लागले. मुलाच्या वेळच्या बाळंतपणात पाहिलं असावं. मुलगा आता पुण्यात होता आणि त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते.

भिंतीशी तसबीचे मणी ओढत बसलेल्या अजमतबीने ओठांवर बोट ठेवलं आणि उठून दाराशी आली.

"काय होतं, भाऊ?"

"कूलर गळतोय का बघायला आलतो."

"गळत न्हाई. मागून या. दोघी बी झोपल्यात."

आणि तिने अजिनाथरावांच्या घराचं दार अजिनाथरावांच्या तोंडावर हळूच लावून घेतलं.

त्या रात्री जेवताना अजिनाथराव म्हणाले, "आपल्याला बी बसवायचा का कूलर? खाली?"

तुळजाबाईंनी ताटात भाजी वाढली. "तुमाला लागत आसंल तर बसवा."

हे उत्तर त्यांनी होकार म्हणून धरलं. आतापर्यंतचा सगळा घोळ आता त्यांच्या दृष्टीने सरळ झाला. अर्जदाराला वस्तू हवी होती. संकोचाने मागता येत नव्हती. आपण न मागता मंजूर केली. एवढ्या उदारपणाने ते स्वतःच थोडे भारावले. मैनुद्दीनला फोन गेला. खालच्या खिडकीत कूलर आला, वरच्यापेक्षा नवा, निळ्या रंगाचा. मैनुद्दीनने जाळीत ताजा वाळा भरला आणि जाताना "चाची, आता रजई काढा," असं म्हणून गेला.

तुळजाबाईंनी कूलरला हळदकुंकू वाहिलं. दुपारी अजिनाथरावांच्या बाजेचं तोंड कूलरकडे केलं, बादलीने पाणी भरलं, बटण दाबलं, हवा त्यांच्या अंगावर येते की नाही, हात पुढे धरून पाहिलं. प्यायच्या पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला.

"येती ना गार?"

"लई," अजिनाथराव डोळे मिटून म्हणाले. "बसा आता."

जिन्यात पायांचा आवाज झाला. वरचं दार उघडलं आणि मिटलं.

अजिनाथराव गार हवेत पडून राहिले. काही वेळाने त्यांना थंडी वाजू लागली. त्यांनी कूलर बंद केला. उकडायला लागलं. चालू केला. असं चार वाजेपर्यंत चाललं. शेवटी ते उठून बाजेवर बसले आणि त्या निळ्या खोक्याकडे पाहू लागले. जणू हे खोकं आता काही खुलासा करील.

संध्याकाळी तुळजाबाई कांदा चिरत होत्या. अजिनाथराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. तिथे त्यांचं एरवी काम नसे.

"खाली कूलर हाय. नवा हाय. वरच्यापेक्षा गार हाय."

"हाय की."

"मग वर कावून जाता?"

तुळजाबाईंनी कांद्याचा दुसरा अर्धा भाग घेतला.

"अजमतबी लई बोलत्यात का?"

"बोलत्यात कव्हा. कव्हा न्हाई बोलत."

"मग तिथं हाय तरी काय?"

"काय न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. विळी थांबली नाही. "तिथं मला कोन हाक मारत न्हाई."

तक्रारीचा सूर नव्हता. आज बाजारात मेथी नाही, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. अजिनाथराव पडवीत गेले. तक्रार असती तर त्यांना ती ठेवून घेता आली असती.

त्यानंतर त्यांनी हाक मारायची नाही, असं ठरवलं. एका सुट्टीच्या दिवशी अलमास आणि तिची आई गेवराईला गेल्या होत्या, वरच्या दाराला कुलूप होतं. त्यामुळे तुळजाबाई दुपारी खालीच, गोधडीपाशी बसल्या. अजिनाथराव तोंड मिटून पडले. घसा कोरडा पडला, तरी मिटूनच पडले. पण सवय आतून बाहेर येते. डोळा लागला आणि झोपेत तेच म्हणाले, "पाणी." जागे होऊन बघतात तर तुळजाबाई तांब्या घेऊन उभ्या.

"मी म्हणलो न्हाई," ते म्हणाले.

"म्हणलात."

मे सरायच्या आत अलमासची बदलीची ऑर्डर आली. पाटोद्याला. दिवसपाळी होती, राहायला क्वार्टर होतं. अलमास खूश होती. अजिनाथरावांनी तोंडाने वाईट वाटल्याचं सांगितलं. मनातून त्यांना वाटलं ते वेगळं होतं. ब्लडप्रेशरवाली माणसं जातील, पडवी रिकामी होईल, ते खरं. पण वरची खोलीही रिकामी होईल. दार बंद होईल. मग दुपारी माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?

सामान टेम्पोत चढलं. शेवटी कूलर उरला. अजमतबी म्हणाली, "भाऊ, ह्याला ठेवून जाऊ का? तिथं क्वार्टरला हाय म्हणते पोरगी. हितं बहनला होईल."

अजिनाथरावांनी घसा साफ केला. "न्या. ठरलं हाय आपलं. जाताना समदं न्यायचं."

 तुळजाबाईंनी अजमतबीच्या पदरात शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. दोघी काही वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या आणि एकमेकींना उन्हातून जाऊ नका म्हणत राहिल्या. टेम्पो सुटला. मागच्या फळीला बांधलेला कूलर खड्ड्याखड्ड्यांत मान हलवत गेला.

विजयसिंहांनी त्याच आठवड्यात भाडेकरू धाडायचं कबूल केलं. "ह्या बारीला आदीच सांगून टाका," ते म्हणाले. "पंखा, बल्ब. बाकी कायबी न्हाई."

अजिनाथरावांनी वरची खोली झाडून घेतली, खिडकीतले खिळे काढले, ओल कुठे आहे का पाहिली. कुठेच नव्हती. खाली उतरले तेव्हा तुळजाबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"वरची खोली देऊ नका कुणाला."

"कावून?"

"मला पायजे."

अजिनाथरावांना वाटलं, सामान ठेवायला असेल. "कशाला?"

"दुपारच्याला. जेवण झालं, भांडी झाली की मी वर जात जाईन. पाचला चहाला खाली येईन."

"आवो पण वर आता कूलर बी न्हाई. तापती खोली. मी सोता बघितलंय."

"तापू द्या."

"खाली एवढा नवा आणलाय—"

"त्यो तुमाला आणलाय."

अजिनाथराव खालच्या पायरीवर टेकले. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. वायरिंग होतं, स्लॅब होता, विजयसिंहांना दिलेला शब्द होता, रिकामी खोली ठेवण्यातला वेडेपणा होता, लोक काय म्हणतील हे तर होतंच. हे एकामागून एक कसं काढायचं, याचा क्रमही त्यांना पाठ होता. आणि सगळ्यांच्या शेवटी तो एक शब्द होता, जो आजवर कधी वाया गेला नव्हता.

त्यांनी वर पाहिलं. तुळजाबाई वाट पाहत उभ्या होत्या. हात एकात एक गुंतवलेले, नजर खाली. उत्तर काय येणार, हे आधीच माहीत असलेला माणूस कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहतो, तशा. अजिनाथरावांनी अशी माणसं खिडकीच्या आतल्या बाजूने आयुष्यभर पाहिली होती. त्यांतली बरीचशी दुसऱ्यांदा आली होती, तिसऱ्यांदाही आली होती. ही येणार नाही, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट कळलं. ही एकदाच आली आहे. ठेवून घेतलं तर स्वयंपाकघरात जाईल, चहा ठेवील, आणि पुन्हा कधीच काही मागणार नाही.

"घ्या," ते म्हणाले.

तुळजाबाईंनी मान हलवली.

"खालचा कूलर वर चढवू का? मैनुद्दीनला बोलावतो."

"नगं. तुमी झोपा गार."

त्या त्यांच्या शेजारून वर गेल्या. जाताना त्यांचा पदर अजिनाथरावांच्या खांद्याला लागला. थोड्या वेळाने वर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

जूनमध्ये ऊन कमी होईल असं रोज वाटत होतं आणि होत नव्हतं. गेवराईकडच्या एका शाळेतून बीडला बदलून आलेले एक शिक्षक विजयसिंहांच्या सांगण्यावरून पत्ता काढत दुपारी आले. सोबत बायको होती, तिच्या डोक्यावर पदर आणि पदरावर ओला रुमाल. फाटक उघडताना कर्र वाजलं.

अजिनाथराव पडवीत पंख्याखाली बसले होते. निळा कूलर खिडकीत होता, बंद होता. त्याची घरघर जिन्यातून वर जाते, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. सदरा पाठीला चिकटला होता. ते लगबगीने उठून फाटकापाशी आले.

"खोली हाय म्हणले इथं?" शिक्षकांनी मोठ्याने विचारलं. "आमचं काही मोठं मागणं नाही हो. एक कूलर लावू द्या, बस."

"हळू," अजिनाथराव म्हणाले. "हळू बोला. वर झोपल्यात त्या."

शिक्षकांनी वर उघड्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अच्छा, भाडेकरू आहेत का? मग कधी सोडणार आहेत?"

"भाडेकरू न्हाईत."

"मग?"

"त्यांचीच खोली हाय ती," अजिनाथराव म्हणाले.

शिक्षकांच्या बायकोने सावलीला उभं राहून रुमाल पिळला. शेजारी विचारा, असं अजिनाथरावांनी हातानेच विजयसिंहांच्या घराकडे दाखवलं. ते दोघं रस्त्याला लागल्यावर त्यांनी फाटक दोन्ही हातांनी थोडं वर उचललं, म्हणजे वाजणार नाही, आणि तसंच उचलून धरून सावकाश लावलं.